गानूबाई, रायवळ आणि परका आंबा

गानूबाईंनी रत्नागिरीच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. फळ्यावर नदी काढावी तर त्यांनीच. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावायची ती तास संपायच्या आत समुद्राला मिळायची आणि वाटेत एकही उपनदी सुटायची नाही. पण स्वतः बाई एसटीच्या खिडकीशी बसून आपल्या गावाहून, नेवऱ्याहून, रत्नागिरीला आणि रत्नागिरीहून नेवऱ्याला, याखेरीज फारशा कुठे गेल्या नव्हत्या. जयगडच्या खाडीपलीकडे हेदवी आहे, तिथे दशभुजा गणपती आहे, हे त्या दरवर्षी पोरांना सांगायच्या. बघितला मात्र नव्हता. खाडी काही एवढी रुंद नव्हती. आड येत होता तो आंबा.

ज्याच्या घरी हापूसची बाग त्याच्या घरी वसंत ऋतू नसतो, हंगाम असतो. शाळेला सुट्टी लागायची आणि इकडे बागेत आंबे उतरवायचे झेले घेऊन माणसं झाडावर चढायची. बाकीच्या बाया महाबळेश्वरला जाऊन घोड्यावर बसल्याचे फोटो आणायच्या. आमच्या बाई मांगरात, म्हणजे बागेतल्या त्या कौलारू खोपटात, आंबे निवडत बसायच्या. कोवळा इकडे, तयार तिकडे, डागी पलीकडे. एकदा मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना विचारलं, सुट्टीत काय केलंत? बाई म्हणाल्या, "पेट्या भरल्या." आणि हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण रडून तरी काय करणार?

यजमान दत्ताभाऊ. माणूस वाईट नव्हे. बाईंचा पगार कधी मागितला नाही, चहा स्वतः करून घ्यायचे, आणि बाई आजारी पडल्या तर डाळभातही टाकायचे, जरा करपवून. पण बागेपलीकडे जग आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. "आंबे आटपले की जाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आंबे आटपेपर्यंत फणस पिकायचे, फणसांमागून कोकमं, कोकमांमागून पाऊस, आणि पावसाबरोबर शाळा. सांगलीला कुणाचं लग्न निघालं तरी दत्ताभाऊंचा पहिला प्रश्न, "परत कधी यायचं?" लग्न कुणाचं, हे नंतर. इतक्या वर्षांच्या संसारात "पुढे कुठे जाऊ या?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. बाई हे विसरल्या नव्हत्या. त्या फारसं काही विसरत नसत.

मग बाई निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी पुतण्या विनीत मुंबईची नोकरी सोडून बाग बघायला आला. पोरगा कामाचा निघाला. आता दत्ताभाऊंना खरं तर काही काम उरलं नाही. म्हणून ते दिवसभर विनीतच्या मागे फिरून त्याला काम कसं करायचं ते सांगू लागले. विनीतच्या नाकी नऊ आले. एका संध्याकाळी तो हळूच पडवीत येऊन म्हणाला, "काकू, काकांना कुठंतरी घेऊन जा. माझ्यासाठी जा."

बाईंना एवढंच हवं होतं. पुण्याला असलेली त्यांची लेक उर्वी त्यांना मोबाईलवर व्हिडिओ पाठवायची. परदेशातली माणसं गाडीतच बिछाना, गाडीतच चूल मांडून वसंतात रानोमाळ हिंडतात, आणि खिडकीत त्यांचं मांजर शेपूट हलवत बसलेलं असतं. बाईंनी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितले. मग अंगणात जाऊन गाडी बघितली. गानूंची एक मागची बाकं काढलेली जुनी व्हॅन होती. दत्ताभाऊ तिच्यातून आंब्याच्या पेट्या गिऱ्हाइकांच्या दारात पोचवायचे. तिला घरात सगळे 'डबा' म्हणत. बाईंनी टेप आणली, डब्याची लांबी मोजली, मग झोपलेल्या दत्ताभाऊंची मोजली. डोकं आणि पाय दोन्ही मावत होते. झाडगावच्या सुताराला त्यांनी त्याच आठवड्यात बोलावलं.

"आणि मांजर?" दत्ताभाऊ म्हणाले. "त्याला कोण बघणार?"

मांजर म्हणजे रायवळ. बिनकलमाचं, कोयीतून आपोआप उगवलेलं आंब्याचं झाड म्हणजे रायवळ, आणि हा बोकाही तसाच. कुणाचा, कुठला, काही पत्ता नाही. पावसाळ्यात मांगराच्या कौलांतून खाली पडला तो राहिलाच. आजवर दत्ताभाऊ त्याला "मेल्या, ऊठ तिथून" यापलीकडे काही बोललेले कुणी ऐकलं नव्हतं. आता मात्र त्यांना त्याची काळजीच काळजी. खायला कोण घालणार? कुत्री मागे लागली तर? रात्रीचा ओरडला तर? बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर नेऊ," त्या म्हणाल्या.

"मांजर घर सोडत नाही गो. माणूस सोडेल, मांजर नाही."

"बघू या की."

तेव्हा दत्ताभाऊंनी ती अट घातली. मांजर गाडीत नांदलं तर दर वर्षी चैत्रात निघायचं, बाई म्हणतील तिकडे. नाही नांदलं तर ह्या सहलीवर कायमचं पाणी सोडायचं आणि डबा विनीतला द्यायचा. त्याला पेट्या न्यायला गाडी हवीच होती. बाईंनी लगेच कबूल केलं. त्यांना हसू आवरत नव्हतं, कारण हा रायवळ लहानपणापासून झोपायचा कुठे, तर त्याच डब्यात! पेट्यांच्या मध्ये पेंढा पसरलेला असे, त्यात खड्डा करून. दत्ताभाऊ घाईघाईत हरायची पैज लावून बसलेत, असं बाईंना वाटलं.

आणि मग बाईंनी स्वतःच्या हाताने सगळं घालवलं. डब्यातला जुना पेंढा त्यांनी उकिरड्यावर टाकला. मग धुण्याचा सोडा, फिनेल, नारळाच्या काथ्याचा चोथा घेऊन त्या आत शिरल्या आणि पत्रा न् पत्रा घासला. कोपऱ्याकोपऱ्यात साठलेला आंब्याचा चीक, देठांची धूळ, इतक्या हंगामांचा वास, सगळं धुऊन निघालं. वर त्यांनी मोगऱ्याच्या उदबत्त्या लावल्या. सुताराने फळ्यांचा पलंग बसवला, खाली सामानाला मोकळी जागा ठेवली, शेगडीला कोपरा केला. बाईंनी निळे पडदे शिवले. उर्वीने फोनवर बघितलं आणि म्हणाली, "आई, अगदी व्हिडिओतल्यासारखं झालंय!" बाईंची छाती फुगली. रायवळ दारातून आत डोकावला, एकदा शिंकला, आणि निघून गेला. तेव्हाच बाईंनी ओळखायला हवं होतं.

पाडवा झाला आणि गाडी निघाली. नेवऱ्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत रायवळ एका सुरात ओरडला, मालगुंडनंतर त्याने सूर बदलला. दत्ताभाऊ गाडी चालवत होते आणि तेही काही गप्प नव्हते. रस्त्याला दिसेल त्या बागेवर शेरा. "ह्यानं फवारणी उशिरा केलीन." "हे बघ, मोहर कसा जाळलान!" मध्येच गाडी बाजूला घेऊन विनीतला फोन. उत्तरेच्या तुकड्यातली झाडं उतरवलीस का? बारकी फळं ठेवलीस ना? तिसऱ्या फोनला विनीतने उत्तरच दिलं नाही. बाई मांडीवर नकाशा पसरून बसल्या होत्या. मोबाईल रस्ता दाखवतोच, पण भूगोलाच्या बाईंनी नकाशा घ्यायचा नाही म्हणजे काय!

जयगडला गाडी फेरीबोटीवर चढली तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. रायवळ खिडकीच्या काचेला नाक लावून पाणी बघत राहिला. बाई खाली उतरून कठड्याशी उभ्या राहिल्या. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते, हे त्यांनी किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल! आता ती त्यांच्या पायाखालून जात होती, वारा पदर ओढत होता, आणि बाईंना इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी मोटारसायकलवाल्याला त्या म्हणाल्या, "ही शास्त्री बरं का!" तो म्हणाला, "हो, माहितीये." तरी त्यांचा आनंद उतरला नाही.

हेदवीला समुद्राजवळ सुरूच्या झाडांखाली त्यांनी मुक्काम टाकला. वरच्या वाडीतला आत्माराम म्हणून एक शेतकरी सायकल हातात धरून चालला होता. त्याने गाडीकडे कौतुकाने पाहिलं आणि आपल्या विहिरीचं पाणी घेऊन जायला सांगितलं. मुक्काम काही सुखाचा झाला नाही. रायवळ पलंगावर बसेना, खाली बसेना, टोपलीत तर पायही ठेवीना. दत्ताभाऊ या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी दोघांचेही डोळे लाल. "अजून एक दिवस बघू," बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचाही धीर सुटत चालला होता. देवाला तरी भेटून येऊ म्हणून त्या एकट्याच देवळात निघाल्या. रायवळाला सांभाळायला दत्ताभाऊ थांबले.

गणपती फार सुंदर. पांढराशुभ्र, दहा हातांचा. बाईंनी हात जोडले आणि सरळ सांगितलं, "देवा, जगाचं कल्याण तू बघतोसच. माझं मांजर तेवढं नांदू दे."

परत येऊन बघतात तर डब्याचं दार सताड उघडं. आत रायवळ नाही. दत्ताभाऊही नाहीत. फोन लावला तर तो पलंगावरच वाजला.

बाईंनी पदर खोचला. गाडीखाली बघितलं, सुरूच्या झाडांत बघितलं. मांजर म्हणजे मासळी, असा विचार करून त्या होड्या लागतात तिकडे धावल्या. जाळी निवडत बसलेल्या बायकांना विचारलं, टोपल्या उचलून बघितल्या, "रायवळ, रायवळ" म्हणून हाका मारल्या. एक म्हातारी म्हणाली, "आंबं हवंत तर वरच्या वाडीत जा गो बाय, हितं म्हावरं." बाईंना हसू आलं नाही. अनोळखी गाव, कुत्री, रस्ता, आणि तो बिचारा कधी नेवऱ्याबाहेर न गेलेला. आपल्या हौसेपायी आपण एका मुक्या जिवाला घालवलं, असं त्यांच्या मनात आलं आणि भर उन्हात त्यांचे डोळे भरून आले.

तशाच त्या वाडीकडे जाणारी पाखाडी चढू लागल्या. दगडी पायऱ्यांच्या त्या वाटेवर मध्येच थांबल्या. वारा वरून येत होता आणि त्याला वास होता. ऊबदार, गोडसर, पेंढ्यात पिकायला घातलेल्या आंब्यांचा. तो वास बाईंना कुठेही ओळखता आला असता. पदराने डोळे पुसता पुसता त्यांना डब्यातला फिनेल आठवला, सोडा आठवला, मोगऱ्याच्या उदबत्त्या आठवल्या, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या बिचाऱ्याचं घर आपणच धुऊन टाकलं, आणि वर म्हणतो, नांद!

वास गेला तशा त्या गेल्या. वाडीच्या कडेला एक मांगर होता, दार उघडं होतं. आत जमिनीवर पेंढ्याची आढी घातली होती. पेंढ्याचा थर, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि त्या सगळ्यावर, मधोमध, चारी पाय वर करून रायवळ घोरत होता. एका बाजूला आत्माराम बसला होता. दुसऱ्या बाजूला, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून, केसांत पेंढ्याच्या काड्या, हातात आंबा, आमचे दत्ताभाऊ.

"ये ये," ते म्हणाले, जणू घरच्याच मांगरात. "हा बघ, इथं येऊन निजला. मी मागोमाग आलो."

"कधी?"

"तू देवळात गेलीस नि हा सटकला, तेव्हाच."

"तेव्हाच? आणि इतका वेळ?"

"आत्माराम आढी चाळवत होता गो. एकटा कसा करील?"

"ह्यांनी समदी आढी परतली माजी," आत्माराम म्हणाला. "मी नुसता बसलोय बगा."

बाईंचा संताप उसळला. "मी तिकडे मासळीच्या टोपल्यांत शोधत्ये त्याला! लोकांच्या टोपल्या उचलत्ये! आणि तुम्ही इथे आंबे परतताय? अहो, निदान हाक तरी मारायचीत!" बोलता बोलता त्या आयुष्यभराच्या सुट्ट्यांवर पोचल्या. महाबळेश्वर झालं, सांगलीचं लग्न झालं, पेट्या झाल्या. आत्माराम उठून विहिरीकडे पाणी आणायला गेला. शहाणा माणूस.

दत्ताभाऊंनी हातातला आंबा पेंढ्यात ठेवला. मग हळूच म्हणाले, "चुकलंच माझं. पण सुमे, मांजर काही नांदलं नाही. आपलं ठरलं होतं."

ठरलं होतं खरं. बाई दाराच्या उंबऱ्यावर बसल्या. दिलेला शब्द मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. निळे पडदे काढायचे, पलंगाच्या फळ्या काढायच्या, आणि विनीतला किल्ली द्यायची. खाडी ओलांडली, हेदवी बघितली, एवढ्यावर समाधान मानायचं. "बरं," त्या म्हणाल्या, "जाऊ परत."

बोलताना त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. दत्ताभाऊ एकेक आंबा उचलत होते, नाकाशी नेत होते, कूस बदलून पुन्हा पेंढ्यात ठेवत होते. कपाळावरची आठी गेली होती. रायवळाच्या आणि त्यांच्या चेहऱ्यात तसा काही फरक नव्हता. न नांदणारं मांजर एकच नव्हतं तर, बाईंच्या मनात आलं.

आत्माराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. बाई म्हणाल्या, "थोडा पेंढा द्याल का हो? घरी पोचेपर्यंत तरी हा नीट बसेल."

"न्या की वो बाई. पेंढ्याला काय तोटा?"

"नुसता पेंढा?" दत्ताभाऊ चटकन म्हणाले. "त्यात आंबे नसले तर तो कसला पेंढा? आत्माराम, तो कोपऱ्यातला माल चांगला तयार आहे. थोडा दे मला."

बाई तांब्यातलं पाणी प्यायल्या.

पलंगाखालच्या मोकळ्या जागेत दत्ताभाऊंनी स्वतः आढी घातली. बाईंना हात लावू दिला नाही. पेंढा सारखा केला, आंबे देठाकडून लावले, वर पुन्हा पेंढा, आणि फळीच्या फटीतून हात घालून चाचपून बघितलं. डब्यात हळूहळू तो वास भरू लागला आणि मोगरा हरला. रायवळ मागच्या दाराने चढला. सगळीकडे हुंगत फिरला, पलंगाखाली शिरला, पेंढ्यात खड्डा केला, स्वतःभोवती गिरकी घेतली, आणि झोपला. त्याच्यामागून दत्ताभाऊ पलंगावर जरा टेकले ते जेवणवेळ टळेपर्यंत उठले नाहीत. बाई बाहेर सुरूच्या सावलीत पोहे खात बसल्या आणि दोघांचं घोरणं ऐकत राहिल्या.

ऊन कलल्यावर गाडी निघाली. गावाबाहेर रस्ता फुटतो. एक वाट खाली तवसाळला, फेरीबोटीकडे, म्हणजे घराकडे. दुसरी वर वेळणेश्वर आणि गुहागरकडे. दत्ताभाऊंनी गाडी तवसाळकडे वळवली, थोडी पुढे नेली, आणि एकाएकी ब्रेक लावून थांबवली.

"काय झालं?"

"सुमे," ते म्हणाले. चेहरा उतरला होता. "हे आंबे."

"त्यांचं काय?"

"अगं, हे आत्मारामाच्या बागेतले. हे घेऊन मी नेवऱ्यात शिरू? गानूंच्या घरी बाहेरून आंबा आला? भर हंगामात? विनीत काय म्हणेल? सगळं गाव हसेल गो! माझ्या आज्यापासून आमच्या उंबऱ्यात परका आंबा आलेला नाही."

"मग देऊन या परत."

"घातलेली आढी मोडू? अर्धी पिकलेली? आणि तो बघ कसा निजलाय." त्यांनी मागे बघितलं. रायवळाची शेपटी तेवढी पेंढ्याबाहेर दिसत होती. "छे छे. हे पिकायला हवेत, खायला हवेत, कोयीसुद्धा टाकून द्यायला हव्यात. तोवर काही घरी जाता यायचं नाही."

हे असं होणार, हे पेंढा मागताना बाईंना ठाऊक होतं की नाही, ते त्या आजवर कुणाला सांगत नाहीत. त्या वेळी त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या.

दत्ताभाऊंनी गाडी मागे घेतली. फाट्यावर आणून उभी केली. मग खाकरले.

"नांदलं म्हणायचं मांजर," ते म्हणाले. आणि बायकोकडे न बघता, जरा संकोचानेच, "बरं, मग आता पुढे कुठे?"

ज्यांनी फळ्यावर अख्खा देश काढला, खडूच्या एका ओढीत सह्याद्री उभा केला, त्या गानूबाईंना त्या क्षणी एक गाव सुचेल तर शपथ. मांडीवर नकाशा होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि नकाशावरचं एकही अक्षर दिसत नव्हतं. दत्ताभाऊ थांबून राहिले. पुन्हा विचारलं नाही, घाई केली नाही.

"जरा थांबा हो," बाई शेवटी म्हणाल्या. पदराने चष्मा पुसला, नकाशा पुन्हा पहिल्यापासून उलगडला, आणि बोट ठेवलं. "आधी वेळणेश्वर. मग सांगते."

"सावलीचा रस्ता बघ," गाडी चालू करत दत्ताभाऊ म्हणाले. "उन्हानं आंबा भराभर पिकेल."